सांतु आंतोनी आणि मराठीतील ‘संत’

१

पादुआ नगरीच्या वेशीजवळ आर्सेला येथे १३ जून १२३१ रोजी एक फ्रान्सिस्कन संन्यासी निवर्तला. त्याचे वय तेव्हा अवघे छत्तीसच्या आसपास होते. पुढच्याच वर्षी, ३० मे १२३२ रोजी, पोप नववे ग्रेगरी यांनी त्याला संतपद दिले. मृत्यू आणि संतपद यांमध्ये पुरते एक वर्षही गेले नाही. मात्र याच आंतोनीला कॅथलिक चर्चने ‘डॉक्टर’, म्हणजे धर्माचार्य, ही पदवी दिली ती १६ जानेवारी १९४६ रोजी. संत ठरायला एक वर्ष पुरले आणि आचार्य ठरायला त्यानंतर जवळजवळ ७१४ वर्षे लागली. या दोन कालावधींतील तफावत केवळ चरित्रकाराच्या कुतूहलाची बाब नाही. लोकमानसात ज्याचे चमत्कार रुजतात त्याचा विचार कसा मागे पडतो, याचे ते एक ठळक उदाहरण आहे. आणि मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना या उदाहरणाशी विशेष कर्तव्य आहे, कारण हा आंतोनी १६५५ मध्ये मराठीत आलेला आहे.

त्या वर्षी गोव्यातील साष्टी प्रांतात, रायतूर (राशोल) येथील जेझुइट विद्यालयाच्या छापखान्यातून फादर आंतोनियु द साल्दान्य यांचा ग्रंथ बाहेर पडला. पादुआ नावाच्या शहरातील सांतु आंतोनीची जीवित्वकथा असे त्यातील चरित्राचे देशी शीर्षक. आणि त्याला जोडून आंतोनीची ‘अचर्यां’, म्हणजे आश्चर्ये, चमत्कार. पुस्तकाचा काही भाग मराठी पद्यात व काही कोंकणी गद्यात आहे, आणि सगळा मजकूर रोमन लिपीत छापलेला आहे. पुढे प्रा. अ. का. प्रियोळकर यांनी तो १९६३ मध्ये मुंबईच्या मराठी संशोधन मंडळातर्फे संपादित करून अभ्यासकांच्या हाती दिला. फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ला जी मान्यता मिळाली तिचा अंशही या ग्रंथाच्या वाट्याला आलेला नाही. त्याचे नाव वाङ्मयेतिहासात एखाद्या ओळीत येते आणि पुढच्या ओळीत विरून जाते.

प्रस्तुत लेखात मला एवढेच म्हणावयाचे आहे की, आपल्या भाषेने आंतोनीची अचर्यां स्वीकारली, पण आंतोनी हा आचार्य अद्याप स्वीकारलेला नाही. आणि आपल्या समीक्षेनेही या ख्रिस्ती मराठी ग्रंथांची भाषा तेवढी तपासली, त्यांतील विचाराशी सामना केला नाही. या दोन्ही गोष्टी परस्परांशी संबद्ध आहेत. ‘सांतु’ आणि ‘संत’ या दोन शब्दांच्या द्वारे तो संबंध उलगडून पाहता येईल, असे मला वाटते.

२

आंतोनीचे चरित्र थोडक्यात सांगणे येथे आवश्यक आहे, कारण त्याच्या लोकप्रिय मूर्तीत ते दिसत नाही. परंपरेनुसार ११९५ मध्ये लिस्बन येथे एका सुखवस्तू घराण्यात त्याचा जन्म झाला. मूळ नाव फेर्नांदु. तरुणपणीच तो ऑगस्टिनी पंथाच्या मठात दाखल झाला आणि पुढे कोइंब्राच्या सांता क्रूझ मठात त्याने बायबलचे सखोल अध्ययन केले. १२२० मध्ये मोरोक्कोत मारल्या गेलेल्या पाच फ्रान्सिस्कन साधूंचे अवशेष कोइंब्रास आणले गेले. या घटनेने त्याचे आयुष्य पालटले. त्याने विद्वानांचा सुस्थिर मठ सोडून भिक्षेकरी साधूंची वाट धरली, आंतोनी हे नाव घेतले आणि स्वतः मोरोक्कोकडे प्रयाण केले. तेथे आजाराने त्याला गाठले. परतीच्या वाटेवर वादळाने जहाज सिसिलीच्या किनाऱ्याला लावले. ज्या भूमीत हुतात्मा व्हावे म्हणून तो निघाला ती भूमी त्याला लाभली नाही. आणि त्याचे चरित्र आपल्या भाषेत आणणारे फादर साल्दान्य मात्र जन्माने मोरोक्कोचेच होते. इतिहासात असे योगायोग असतात. त्यांतून सिद्धांत काढू नयेत, पण ते नजरेआडही करू नयेत.

इटलीत तो अज्ञातवासात राहिला. १२२२ मध्ये फोर्ली येथे एका दीक्षाविधीच्या प्रसंगी ऐनवेळी कोणीच प्रवचनास तयार होईना, तेव्हा या अबोल साधूला उभे करण्यात आले आणि त्याच्या मुखातून जे बाहेर पडले ते ऐकून सारे विस्मित झाले, अशी हकिकत आहे. खुद्द आसीसीच्या फ्रान्सिसने त्याला एक छोटेसे पत्र लिहून बांधवांना धर्मशास्त्र शिकवण्याची अनुमती दिली. मात्र या अध्ययनामुळे प्रार्थनेची व भक्तीची ज्योत मालवू नये, अशी अट घातली. फ्रान्सिसला विद्येविषयी वाटणारा संशय सर्वश्रुत आहे. त्यामुळे या अनुमतीचे मोल अधिक. ज्ञान आणि भक्ती यांचा हा वाद मराठी वाचकाला परका नाही. ज्ञानेश्वरीपासून आपण तो अनेक रूपांत वाचत आलो आहोत. फ्रान्सिस्कन संघात धर्मशास्त्राचे अध्यापन सुरू झाले ते आंतोनीपासून, असे परंपरा मानते.

बोलोन्या येथे, तसेच दक्षिण फ्रान्समध्ये त्याने अध्यापन व प्रवचन केले. १२२७ ते १२३० या काळात उत्तर इटलीतील फ्रान्सिस्कनांचे प्रमुखपद सांभाळले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत पादुआत राहून त्याने आपली लॅटिन प्रवचने दोन मालिकांत सिद्ध केली, एक रविवारांची व दुसरी सणांची. ही प्रवचने जशीच्या तशी म्हणावयाची भाषणे नव्हेत. प्रवचनकारांना साधन म्हणून रचलेले ते ग्रंथ आहेत. प्रास्ताविकात त्याने आपल्या रचनापद्धतीला चार चाकांच्या रथाची उपमा दिली आहे. त्या त्या रविवारचे शुभवर्तमान, जुन्या करारातील कथाभाग, उपासनेचे प्रारंभगीत आणि पत्रातील वाचन ही ती चार चाके. ज्याच्या कानी कठोपनिषदातील रथ आहे त्याला ही उपमा ऐकताच थांबावेसे वाटेल. दोन्ही रथ वेगळ्या मार्गांनी जातात हे खरे. आपल्या रथात आत्मा बसलेला आहे, आंतोनीच्या रथात शास्त्रवचन. परंतु एवढा भेद मांडण्यासाठीसुद्धा आधी दोन्ही रथ समोर असावे लागतात, आणि दुसरा रथ मराठीत कधी आलाच नाही.

लोकांनी आंतोनीचे काय ठेवले? रिमिनी येथे माणसे ऐकेनात म्हणून त्याने माशांना केलेला उपदेश. पवित्र भाकरीपुढे गुडघे टेकणारे उपाशी खेचर. हरवलेली वस्तू शोधून देण्याची त्याची ख्याती. १२६३ मध्ये त्याचे अवशेष हलवताना जीभ तेवढी शाबूत आढळली, अशी श्रद्धा आहे आणि ती जीभ आजही पादुआच्या बासिलिकेत दर्शनासाठी ठेवलेली असते. जीभ जपली गेली; तिने काय सांगितले ते जपण्याची निकड मात्र फारशी कोणाला भासली नाही. १६५५ च्या ग्रंथाचे पोर्तुगीज शीर्षकदेखील याच क्रमाने जाते. त्यात आधी चमत्कारांचा उल्लेख आहे, मग चरित्राचा. सर्वांना सहज समजावे म्हणून ते प्रदेशातील प्रचलित भाषेत रचले आहे, असेही ते सांगते. आचार्यपणाला त्या शीर्षकात जागा नाही.

३

आता शब्दांकडे वळू. ‘सांतु’ हा पोर्तुगीज शब्द लॅटिन ‘सांक्तुस’पासून आलेला. त्याच्या मुळाशी पवित्र म्हणून वेगळे काढणे, विधिपूर्वक निश्चित करणे हा अर्थ आहे. ‘संत’ हा आपला शब्द संस्कृत ‘सत्’पासून, म्हणजे ‘असणे’ या धातूपासून निघालेला. जो खरा आहे, जो आहे तसाच आहे, तो संत. एका शब्दात मान्यतेचा भाव आहे, तर दुसऱ्यात अस्तित्वाचा. उच्चारात दोन्ही शब्द सख्ख्या भावंडांसारखे भासतात, पण त्यांची घराणी निराळी आहेत.

आंतोनीच्या संतपदासाठी रीतसर चौकशी झाली, साक्षी घेतल्या गेल्या, पन्नासांहून अधिक चमत्कारांची यादी वाचली गेली आणि मग पोपनी घोषणा केली. आपल्याकडे ज्ञानेश्वर, नामदेव, चोखामेळा यांना संत कोणी ठरवले? कोणत्याही पीठाने नाही. दिंडीत ज्याचा अभंग उचलला गेला तो संत. पैठणच्या ब्रह्मवृंदाने ज्यांना शुद्धिपत्रासाठी ताटकळत ठेवले त्या भावंडांना लोकांनी माउली केले. चोखोबांना देवळाच्या बाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेने त्यांना संत ठरवले असते, अशी कल्पनाही करता येत नाही. मराठीत ‘संत’ या शब्दाला पीठाचे प्रमाणपत्र नको असते. पुष्कळदा तर तो पीठाचा निकाल फिरवणारा शब्द असतो.

सतराव्या शतकातील गोव्याच्या मिशनऱ्यांना या भाराची जाणीव असावी, असे अनुमान मी करतो. फादर स्टीफन्सनी ‘ख्रिस्तपुराणा’त, म्हणजे १६१६ इतक्या आधी, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोचपणे वापरला. तो शब्द विष्णूचा आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? चाळीस वर्षे साष्टीच्या परिसरात राहिलेला, ओवी आत्मसात केलेला हा इंग्रज जेझुइट एवढा अजाण नव्हता. तरीही पवित्र आत्मा ‘स्पिरितु सांतु’ राहिला, बाप्तिस्मा बाप्तिस्माच राहिला. म्हणजे परमसुखाच्या स्थानाचे नाव अनुवादता येत होते, परंतु जेथे चर्चचा अधिकार गुंतलेला होता तेथे परका शब्द तसाच ठेवणे त्यांना आवश्यक वाटले. ‘सांतु’ या शब्दाची हमी रोमने दिलेली होती. ‘संत’ म्हटले असते तर आंतोनी देहू-पंढरीच्या मेळ्यात जाऊन बसला असता, आणि त्या मेळ्याला द्वारपाल नव्हता.

यात त्या काळाचे कठोर वास्तवही आहे. साष्टीतील देवळांचा १५६७ मध्ये विध्वंस झाला होता. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनची सत्ता होती. ज्यांची जुनी पुराणे हिरावली गेली त्यांच्यासाठी नवे पुराण रचले गेले, हे ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच्या संवादातूनच दिसते. अशा स्थितीत ‘सर्वांना सहज समजावे’ हा हेतू निर्मळ असला तरी निरुपद्रवी नव्हता. समजणाऱ्याला न समजण्याची मोकळीक नव्हती. शिवाय ही लोकभाषेची कृपाही अल्पायुषी ठरली. ग्रंथ छापला गेल्यानंतर एकोणतिसाव्या वर्षी, १६८४ मध्ये, व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यांनी देशी भाषेवर बंदीचा हुकूम काढला आणि पोर्तुगीज शिकण्यास तीन वर्षांची मुदत दिली. ज्या भाषेत सांतु आंतोनी बोलता झाला होता तिलाच गप्प करण्याचा हा प्रयत्न होता. या साऱ्याचा विसर पडू देऊन या ग्रंथांचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्याचबरोबर, केवळ या कारणास्तव ते न वाचणे म्हणजे ज्यांनी ते ऐकले, गायले, आपलेसे केले त्या पिढ्यांनाच पुन्हा एकदा पुसून टाकणे होय.

४

मग आंतोनी मराठी अर्थाने ‘संत’ ठरतो काय? या प्रश्नाला चमत्कारांच्या बाजूने उत्तर शोधण्याचा मोह होतो. माशांनी पाण्याबाहेर डोकी काढून प्रवचन ऐकले. आपल्याकडे रेड्याने वेद म्हटले. दोन्ही कथांत शहाणी माणसे ऐकत नाहीत, तेव्हा मुका जीव साक्ष देतो. साम्य लोभस आहे, पण ते आपल्याला फार दूर नेत नाही. चमत्कारकथा सगळ्या जगात एकमेकींसारख्याच असतात.

खरे उत्तर एका कायद्यात सापडते. मार्च १२३१ मध्ये, मृत्यूच्या तीन महिने आधी, पादुआ नगराने एक नियम केला. ऋणको वा त्याचा जामीन आपली मालमत्ता सोडून देण्यास तयार असेल तर केवळ कर्जापायी त्याला तुरुंगात डांबू नये. हा नियम बंधू आंतोनीच्या विनंतीवरून करण्यात आला, अशी नोंद त्या नियमातच आहे. त्या वर्षीच्या उपवासकाळात तो पादुआत रोज प्रवचन करीत होता, आणि सावकारी हा त्याच्या प्रवचनांत पुनःपुन्हा येणारा विषय आहे. लोभी सावकार आणि ऐषारामी धर्माधिकारी यांच्यावर त्याने जे कोरडे ओढले आहेत ते वाचताना हा मूर्तीतला सौम्य, हाती लिलीचे फूल घेतलेला तरुण नव्हे, याची खात्री पटते. शब्द पुरे झाले, आता कृतीने बोलावे, हा त्याचा आग्रह होता. आणि पादुआचा नियम हे त्याच्या शब्दाचे कृतीतले रूप होते. येथे धर्मशास्त्र ग्रंथात राहिले नाही, ते नगराच्या दप्तरात उतरले.

मराठी वाचकाला या ठिकाणी इंद्रायणी आठवल्याशिवाय राहत नाही. दुष्काळाने होरपळलेल्या तुकोबांनी वडिलोपार्जित सावकारीची खते काढली, भावाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्या वाट्याची नदीत बुडवली, असे परंपरा सांगते. एकाने नगराचा नियम बदलला, दुसऱ्याने स्वतःचा हक्क सोडला. एकाचा मार्ग संस्थेतून गेला, दुसऱ्याचा वैराग्यातून. भेद मोठा आहे आणि तो जपला पाहिजे. परंतु ऋणाखाली दबलेल्या माणसाकडे पाहताना देवाचे स्मरण होणे, आणि देवाचे स्मरण होताच हिशेबाची वही परकी वाटणे, हा अनुभव दोघांचा आहे. मराठी भाषा ‘संत’ म्हणते ते याला. तुकोबांचे निर्याण १६५० च्या सुमाराचे. रायतूरचा ग्रंथ १६५५ चा. देहू आणि साष्टी एकाच भाषेच्या दोन टोकांना एकाच काळात होती आणि त्यांची गाठ पडली नाही. ती गाठ घालून देणे हे तुलनात्मक अभ्यासाचे काम आहे.

वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीनेही ही गाठ उपयोगी पडेल. मराठीत चरित्रलेखनाची परंपरा ‘लीळाचरित्रा’च्या गद्यापासून सुरू होते, नामदेवांनी ज्ञानदेवांची चरित्रकथा अभंगांत गायली, १७६२ मध्ये महिपतींनी ‘भक्तविजय’ ओवीबद्ध केला. सांतु आंतोनीची जीवित्वकथा ‘भक्तविजया’च्या १०७ वर्षे आधीची, आणि तीही छापलेली. असे असूनही संतचरित्रवाङ्मयाच्या विवेचनात तिला जागा मिळत नाही. तिची सोय ‘ख्रिस्ती मराठी वाङ्मय’ या वेगळ्या खोलीत केली जाते. त्या खोलीत पाहुणे क्वचित जातात, आणि गेले तरी भाषेची वैशिष्ट्ये टिपून परततात. खुद्द स्टीफन्सची तीच गत झाली आहे. मराठीच्या स्तुतीच्या त्यांच्या ओव्या क्रमिक पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाल्या, पण सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी पाप, कृपा व तारण यांचा जो विचार मांडला त्यावर मराठी समीक्षेने किती पाने खर्ची घातली? आपली स्तुती करणाऱ्याचे आपण तेवढेच ऐकतो, हा दोष भाषांनाही लागू पडतो.

५

या ग्रंथाची उपेक्षा होण्याचे आणखी एक कारण आहे. त्याचे पद्य मराठी म्हणावे तर गद्य कोंकणी आहे. मराठीच्या इतिहासकाराला तो अर्धा आपला, कोंकणीच्या इतिहासकारालाही अर्धाच आपला. प्रियोळकरांनी आयुष्यभर कोंकणी ही मराठीची बोली होय असा पक्ष मांडला. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, आणि १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तो वाद आता संपला आहे आणि कोंकणीच्या बाजूने संपला आहे, हे मराठी अभ्यासकाने मोकळ्या मनाने मान्य करावे. परंतु वाद मिटल्यावर वाटणी झाली आणि वाटणीत हा जोडग्रंथ कोणाच्याच अंगणात धड राहिला नाही. गंमत अशी की खुद्द आंतोनीचीही हीच कथा आहे. लिस्बन त्याला लिस्बनचा आंतोनी म्हणते, पादुआ पादुआचा. पोर्तुगीज सत्तेखाली, पोर्तुगीज संताचे चरित्र लिहिताना साल्दान्य यांनी शीर्षकात मात्र पादुआ घातले. जन्म कोठे झाला यापेक्षा वाणी कोठे फळली यावरून माणसाचे गाव ठरते, असे त्या शीर्षकाने नकळत सुचवले आहे.

हा लेख दुर्ग येथे लिहिला जात आहे, याचा उल्लेख म्हणूनच येथे करतो. भोसल्यांच्या फौजा १७४१ मध्ये छत्तीसगढात आल्या. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत मराठीचा येथील कारभाराशी संबंध राहिला आणि त्या काळापासूनची मराठी कुटुंबे दुर्ग, रायपूर, बिलासपूर या भागांत आजही आहेत. १९५५ नंतर भिलाईच्या पोलाद कारखान्याने देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आणली. येथे घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी बोलणारा माणूस स्वतःचे तीन तुकडे करीत नाही. याच भूमीत १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणाऱ्या माधवराव सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. एका भाषेतील धर्मचिंतन दुसऱ्या भाषेत नेताना त्यांनी केवळ कथा नेली नाही, युक्तिवाद नेला. सीमेवर राहणाऱ्याला दोन्ही भाषांचे ऋण फेडता येते, असा त्यांच्या कार्याचा अर्थ मी घेतो. रायतूरच्या ग्रंथाकडे पुण्या-मुंबईच्या मध्यातून पाहिले तर तो परिघावरचा एक विक्षेप वाटतो. दुर्गहून पाहिले तर ती भाषेची नित्याची अवस्था वाटते.

६

मधल्या काळात एक महत्त्वाची घटना फारसा गाजावाजा न होता घडून गेली आहे. मराठी कॅथलिकांच्या बोलण्यात आणि लिहिण्यात ‘सांतु’ जाऊन ‘संत’ आला. वसईत जन्मलेले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर प्राण देणारे आणि १८६२ मध्ये संतपद पावलेले फ्रान्सिस्कन बंधू आज मराठीत ‘संत गोन्सालो गार्सिया’ आहेत. बाणावलीचे जोझफ वाझ २०१५ मध्ये कोलंबो येथे संत घोषित झाले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांना ‘संत’ याखेरीज दुसरा शब्द सुचण्याचे कारणच नव्हते. ज्या शब्दापाशी सतराव्या शतकातील लेखक थबकला तो शब्द विसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती माणसाने हक्काने उचलला. हा केवळ उच्चारातील बदल नव्हे. रोमने दिलेली मान्यता आणि मराठीने मागितलेली सत्यता या दोहोंचे उत्तरदायित्व त्याने एकाच शब्दात स्वीकारले आहे.

या स्वीकारामागे अध्ययनही आहे. पुढे वसई व पुणे येथे बिशप झालेले डॉ. थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला. तो १९८७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, त्याला अनुवादासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. म्हणजे कॅथलिक ईशज्ञानी तुकोबांच्या दारी गेला, त्यांचे अभंग त्याने आपल्या शास्त्राच्या प्रकाशात आणि आपले शास्त्र त्या अभंगांच्या प्रकाशात वाचले. उलट दिशेने मात्र रस्ता ओस आहे. मराठीचा, संतवाङ्मयाचा अभ्यासक आंतोनीच्या, बोनाव्हेंतुराच्या, अक्वायनसच्या दारी गेल्याचे दृश्य विरळाच. ‘तो त्यांचा धर्म, आपण भाषा पाहू’ ही आपली भूमिका वरकरणी उदार दिसते. तिच्यात न ऐकण्याची सोय आहे. पाहुण्याच्या पोशाखाची तारीफ करून त्याला ओसरीवरच बसवून ठेवण्याचा हा प्रकार आहे.

याला कोणी असा आक्षेप घेईल की धर्मशास्त्राचे मूल्यमापन हे वाङ्मयसमीक्षेचे काम नव्हे. आक्षेप योग्य आहे, परंतु तो सर्वत्र सारखा लावला पाहिजे. ज्ञानेश्वरीचा विचार करताना आपण चिद्विलास आणि मायावाद यांची चर्चा टाळतो काय? एकनाथी भागवत वाचताना अद्वैत बाजूला ठेवतो काय? तेथे तत्त्वविचार हा काव्याचा प्राण मानायचा आणि रायतूरच्या ग्रंथाजवळ आलो की विभक्तिप्रत्यय मोजायचे, हा न्याय नव्हे. सत्यासत्याचा निवाडा समीक्षेने करू नये. विचार काय आहे आणि भाषेने तो कसा पेलला, हे तरी तिने सांगितलेच पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात असे मला वाटते. पहिली, साल्दान्य यांच्या ग्रंथाची अशी आवृत्ती निघावी की जीत रोमन पाठ आणि देवनागरी लिप्यंतर समोरासमोर असतील, आणि मराठी व कोंकणी या दोन्ही भाषांचे अभ्यासक संपादनात बरोबरीने बसतील. दुसरी, पदव्युत्तर वर्गांतील संतचरित्रवाङ्मयाच्या अभ्यासक्रमात ही जीवित्वकथा ‘भक्तविजया’च्या शेजारी लावावी, वेगळ्या खोलीत नको. तिसरी, आंतोनीच्या लॅटिन प्रवचनांपैकी निदान निवडक प्रवचने मूळ भाषेवरून मराठीत यावीत. या तिसऱ्या कामास लॅटिन जाणणारा मराठी लेखक हवा, आणि वसईच्या व गोव्याच्या परिसरात तो मिळण्याजोगा आहे. सावकारीवरील प्रवचनापासून आरंभ करावा. जेथे कर्जापायी माणसे जीव देतात त्या मुलखाच्या भाषेत पादुआच्या आचार्याला सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

हरवलेली वस्तू मिळावी म्हणून लोक आंतोनीला साकडे घालतात. मराठीत जे हरवले आहे ते त्याचे स्वतःचेच प्रवचन आहे, आणि ते शोधण्याचे काम त्याच्यावर सोपवून चालणार नाही. ते आपणा अभ्यासकांनाच केले पाहिजे.